दोन मनोऱ्यांचं से कॅथेड्रल आणि इतर प्रश्न

जुन्या गोव्यातली चर्च, व्हाइसरॉयचा वाडा आणि आदिलशाही महाल यांच्या जुन्या छापचित्रांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या अर्थाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (म्हापसा) : आमच्या घरात पणजोबांच्या काळापासून गोवा शहराचं एक चित्र काचेत आहे. नदी, गलबतं, तटबंदी आणि लॅटिन मजकूर. कुणी म्हणतं हे लिन्शोटेनचं 1596चं, कुणी म्हणतं कॅलेंडरचं पान. घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर : काचेआडून काहीच ठरत नाही, तेव्हा आधी चित्र फ्रेमबाहेर काढा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. तिथेच थांबून जाणकाराकडे द्या. सुटा निघाला तर टेबलावर पांढऱ्या कागदावर सपाट ठेवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनाराकडे असतं तसलं चालेल.

भिंगाखाली गलबताची शिडं किंवा पाण्याच्या रेघा बघा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके घोळक्याने दिसले तर ती ऑफसेट छपाई, विषय संपला. एकाच शाईचे पण रांगेत मांडलेले लहानमोठे ठिपके दिसले तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे फार तर 1880च्या आसपासचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने काढलेली रेघ (म्हणजे एन्ग्रेव्हिंग) अखंड असते. ती केसासारखी सुरू होते, मध्ये फुगते आणि शेवटी पुन्हा निमुळती होते, कारण कोरणी पत्र्यात हळूहळू शिरते आणि हळूहळू वर येते. ॲसिडने खाल्लेल्या रेघेचं टोक बोथट असतं. शिळाछाप असेल तर रेघ खडूने ओढल्यासारखी दाणेदार दिसते.

दुसरी खूण बोटांना कळते. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद ओला करून पत्र्यासकट दोन रुळांमधून दाबून काढत. त्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोनी खोलगट ठसा राहतो. शाई खाचेतून उचललेली असल्याने रेघा कागदावर किंचित उभ्या असतात. खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरलात की काळ्या रेघांचे उंचवटे दिसतात. ठसा नसला म्हणून लगेच निकाल देऊ नका, जुन्या फ्रेमवाल्यांनी माप बसवायला कडा कापलेल्या असतात. आणि ठसा आहे म्हणून खूशही होऊ नका. फोटोवरून छापलेल्या चित्राभोवती कोरा पत्रा दाबून असा ठसा मुद्दाम उठवला जातो. खऱ्या ठशाच्या आतला कागद बाहेरच्यापेक्षा नितळ, दबलेला लागतो आणि पत्र्याच्या कडेला पुसायची राहिलेली शाई कुठे ना कुठे सापडते.

मग कागद उजेडासमोर धरा. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या युरोपी कागदात साच्याच्या तारांच्या बारीक आडव्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या साधारण 25 मिलिमीटर अंतरावरच्या उभ्या रेषा दिसतात. गुळगुळीत, बिनरेषांचा कागद 1757च्या आसपास आला आणि त्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. सोळाव्या शतकाचं म्हणून सांगितलेलं चित्र बिनरेषांच्या कागदावर असेल तर ती नंतरची नक्कल. उलट मात्र खरं धरू नका, रेषांचा कागद आजही बनतो. असा नवा कागद ओळखायला नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च वापरा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच कागदांत चमक आणणारं रसायन असतं आणि ते निळसर पांढरं चमकतं. चिंध्यांचा जुना कागद मळकट पिवळसरच राहतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो, तर खरा जुना कागद माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) फिकट आणि उघड्या कडांना गडद असतो.

आता लिन्शोटेन. हा डच माणूस 1583 मध्ये गोव्यात आला, इथल्या आर्चबिशपच्या पदरी होता आणि त्याचं पुस्तक 1596 मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालं. गोवा शहराचा मोठा नकाशा त्यातला, आणि पत्रे डोटेकुम घराण्यातल्या कोरणाऱ्यांनी कोरलेले. हेच पत्रे पुढच्या आवृत्त्यांना 1640च्या दशकापर्यंत वापरले गेले. हजार-दोन हजार ठशांनंतर तांबं झिजतं आणि आधी पाण्याच्या व सावलीच्या बारीक रेघा जातात. आकार ठळक पण पाणी पांढरं पडलेलं असेल, तर चित्र अस्सल असूनही उशिराच्या आवृत्तीतलं असू शकतं.

तुमच्याकडचं लिन्शोटेनचंच असेल असंही नाही. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या नगरचित्रांच्या पहिल्या खंडात (1572) गोवा आहे. तिथे एकाच पत्र्यावर चार गावं आहेत, त्यांत दीव आणि गोवा, बाकीची दोन मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. पानामागे लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंच मजकूर छापलेला असतो. बाजारात या पानातलं नुसतं गोवा कापून 'संपूर्ण चित्र' म्हणून विकतात. मागचा मजकूर मध्येच तुटलेला दिसला की समजायचं. गंमत अशी, की त्या चित्रावरच्या लॅटिन ओळीत गोवा ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचं साल 1509 दिलं आहे, अफोन्सो द आल्बुकर्कने शहर घेतलं ते 1510 मध्ये. चित्रावर छापलेलं साल पुरावा म्हणून किती धरायचं, ते यावरून ठरवा.

प्रश्न (मडगाव) : एका दुकानात से कॅथेड्रलचं दोन मनोरे असलेलं एन्ग्रेव्हिंग पाहिलं. दुसरा मनोरा 1776 मध्ये पडला, म्हणजे चित्र त्याआधीचं, असं दुकानदार म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर. दोन मनोरे बघून काढलेलं मूळ रेखाटन 1776च्या आधीचं असेल. तुमच्या हातातला कागद केव्हाचा, ते त्यातून कळत नाही. जुन्या चित्रावरून नवा पत्रा कोरायचा धंदा युरोपात शंभर-दीडशे वर्षं चालला, आणि कोरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गोवा कधी पाहिलंही नव्हतं. इमारत रेखाटनाचं वय सांगते, छपाईची रीत आणि कागद पानाचं वय सांगतात. दुकानदार मंडळी या दोन तारखा हमखास एक करतात, आणि किंमत नेहमी जुन्या तारखेची लावतात.

तरी इमारतींच्या तारखा पाठ असणं फार उपयोगाचं. से कॅथेड्रलचं काम 1562 मध्ये सुरू झालं आणि इमारत 1619 मध्ये पुरी झाली. बाँ जिझस चर्चचा पाया 1594चा, अभिषेक 1605चा. लिन्शोटेन तोवर गोवा सोडून गेला होता. त्यामुळे बाँ जिझसचा दर्शनी भाग दाखवणारं चित्र 'लिन्शोटेनचं' म्हणून विकत असतील तर तिथून निघा. सेंट कॅजेटन चर्चचा घुमट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तो दिसला तर रेखाटन त्यानंतरचं.

उलट्या बाजूने, सेंट ऑगस्टिन चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं आणि दर्शनी भाग व निम्मा मनोरा 1931 मध्ये. मनोरे उभे पण मागे उघडं आकाश असेल तर चित्र या दोन सालांमधलं. बाँ जिझसवर गिलावा होता, तो 1950च्या दशकात काढल्यावर आजचा लालसर जांभा उघडा पडला. पांढऱ्या बाँ जिझसचं चित्र दिसलं की 'रंगच चुकलाय' म्हणणारे भेटतात, पण चुकलेला रंग लालच. जुनं म्हणून विकलेल्या हाताने रंगवलेल्या चित्रात बाँ जिझस जांभ्याच्या लाल रंगात असेल, तर रंगवणाऱ्याने आजचा फोटो समोर ठेवला होता. नदीकाठची व्हाइसरॉयची कमान 1948 मध्ये पडली आणि 1954 मध्ये पुन्हा उभारली.

आणखी एक तपासणी, दहा सेकंदांची. सेच्या दर्शनी भागासमोर उभं राहिलं की उरलेला मनोरा आपल्या डाव्या हाताला येतो, पडलेला उजव्या हाताचा. एकच मनोरा असलेल्या चित्रात तो उजवीकडे असेल तर चित्र उलटं आहे. छापलेल्या पानावरून नवा पत्रा जसाच्या तसा कोरला की छापताना डावं-उजवं बदलतं, म्हणून उलटं चित्र हे बहुधा नकलेचं लक्षण. बाँ जिझसचंही तसंच बघा, दर्शनी भागाला लागून असलेली जेझुइटांची मठाची इमारत समोरून पाहताना उजवीकडे असते.

प्रश्न (फोंडा) : चर्चांची चित्रं पुष्कळ दिसतात. राजवाड्यांची का नाहीत? आदिलशहाच्या महालाचं एखादं एन्ग्रेव्हिंग आहे का?

उत्तर : जुन्या गोव्यातला आदिलशहाचा महाल पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वाडा झाला, 1554 ते 1695 पर्यंत त्यांचं निवासस्थान तिथे होतं. मग व्हाइसरॉय जवळच्या पाणेळीला गेले आणि वाडा ओस पडला. 1820 मध्ये तो पाडला. सेंट कॅजेटनजवळ उभी असलेली दगडी चौकट तेवढी उरली. म्हणजे ज्या काळात प्रवासी चित्रकार कागद-पेन्सिल घेऊन सावकाश फिरू लागले, त्या काळात काढायला वाडाच नव्हता. जो दिसतो तो शहराच्या जुन्या नकाशांत, नदीच्या धक्क्यामागे, बाकीच्या इमारतींमध्ये. स्वतंत्र, मोठ्या आकाराचं आणि महालाच्या नावाचं चित्र कुणी दाखवलं तर आधी ते पणजीच्या आदिलशाही वाड्याचं आहे का, ते बघा. पणजीच्या वाड्यात 1759 पासून 1918 पर्यंत व्हाइसरॉय आणि गव्हर्नर राहिले, आणि नावाच्या सारखेपणामुळे हा घोळ पदोपदी होतो.

वाडे, देवळं, जुन्या वाटा, पडके किल्ले अशी चित्रं एकत्र हवी असतील तर आंतोनियो लोपिश मेंडिश यांचे 1886 मध्ये लिस्बनला छापलेले दोन खंड चाळा. ते एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं गोव्यात होते, चर्चांबरोबर देवळंही त्यांनी काढली. ही चित्रं तांब्यावरची नाहीत, लाकडी ठशांवरची आहेत. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच यंत्रावर छापता येतो, म्हणून मजकुराच्या पानातच चित्र बसतं आणि भोवती पत्र्याचा खोलगट ठसा कधीच नसतो. लोपिश मेंडिशच्या सुट्या पानाला असा ठसा दिसला तर तो नंतर उठवलेला.

प्रश्न (पणजी) : दर पावसाळ्यात चित्रावर तपकिरी ठिपके वाढतात, यंदा काचेच्या आतून पांढरी बुरशीही आली. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेट करून टाका.

उत्तर : लॅमिनेट करू नका. उष्णतेने वितळलेलं प्लास्टिक धाग्यांत शिरतं आणि मग ते कागद फाडल्याशिवाय निघत नाही. चित्राची किंमत त्याच दिवशी संपते.

बुरशी मऊ, लोकरीसारखी आणि बोट लागल्यावर पसरणारी असेल तर ती जिवंत आहे. आधी कागद कोरडा होऊ द्या: सावलीत, वारा खेळता ठेवून, पण पंखा थेट चित्रावर न मारता, एक-दोन दिवस. उन्हात ठेवलात तर कागद वाकडा होतो आणि हाताने भरलेले रंग उडतात. कोरडी झालेली बुरशी भुकटी होते. ती घराबाहेर, तोंडाला एन-95 मास्क लावून, मऊ ब्रशने एकाच दिशेला हलकेच झाडा. डेटॉल, ओलं फडकं, इस्त्री, ब्लीच यांतलं काहीही नको. ब्लीचने डाग जातो, पण आत राहिलेलं क्लोरीन कागदाचे धागे खात राहतं आणि काही वर्षांत कागद पापडासारखा तुटतो. हाताने भरलेला रंग भुकटीसारखा सुटत असेल तर ब्रशही नको, तिथून पुढचं काम कागद-संवर्धकाचं. तपकिरी ठिपके घरी घालवू नका, ते वाढायचे थांबवा.

वाढ का होते, तर हवेतला ओलावा 65-70 टक्क्यांवर टिकला की बुरशी जागी होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याच्या कितीतरी वर असतो. त्यातून गोव्यातल्या घरांच्या जांभ्याच्या बाहेरच्या भिंती पाणी ओढतात. पावसाचा मारा खाणाऱ्या, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीवर चित्र लावणं म्हणजे बुरशीला बोलावणं. आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून 5-6 मिलिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरते.

फ्रेम नव्याने करायची तर जानेवारी-फेब्रुवारीत करा. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैची हवाच आत कोंडली जाते. चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये ॲसिडमुक्त बोर्डचा माउंट हवा, मागेही तोच बोर्ड. हार्डबोर्ड आणि प्लायवूड चित्राला लागू देऊ नका, त्यांतून सुटणारं ॲसिड मागून कागद तपकिरी करतं. चित्र बोर्डला चारी बाजूंनी चिकटवायचं नाही. ओलाव्याने कागद फुगतो, जागा मिळाली नाही की लाटा उठतात. फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, दीड-दोन सेंटिमीटरच्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा.

खळ अशी: शुद्ध गव्हाचं स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग. अर्धा तास भिजवून मंद आचेवर 20-30 मिनिटं सतत ढवळत शिजवा, पारदर्शक झाली की उतरवून थंड करा आणि बारीक चाळणीतून गाळा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका. मैद्याची खळ नको, त्यातल्या प्रथिनांवर कसर तुटून पडते. आणि बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते तर मुळीच नको. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो कागदाची झीज वाढवतो आणि पट्टीच्या आकाराचा तपकिरी डाग समोरून उमटतो. सेलोटेपचाही शेवट तोच, फक्त लवकर.

प्रश्न (डिचोली) : रंगीत एन्ग्रेव्हिंग जास्त मोलाचं की काळं-पांढरं?

उत्तर : रंग केव्हा भरला यावर आहे. नगरचित्रांचे खंड त्याच काळात रंगवूनही विकले जात. प्रवासवर्णनांतली चित्रं मात्र बहुधा बिनरंगी निघत, आणि आज रंगीत दिसणाऱ्या पुष्कळ पानांवर रंग विसाव्या शतकात, विक्रीसाठी चढलेला आहे. पान उलटून बघा. जुना हिरवा रंग तांब्याच्या गंजापासून केलेला असे. तो कागद खातो, म्हणून हिरव्या भागामागे तपकिरी सावली दिसते, कधी कागद तडकलेला असतो. मागची बाजू स्वच्छ आणि समोर हिरवं ताजंतवानं, तर शंका घ्या. दुसरं, मधली घडी भिंगाखाली बघा. घडीच्या तुटलेल्या धाग्यांत किंवा जुन्या डागात रंग मुरलेला असेल तर घडी आणि डाग आधीचे, रंग नंतरचा. आमचं मत विचाराल तर कोरणीचं काम बघायचं असेल तर बिनरंगी पान घ्यावं.

प्रश्न (वास्को) : मुलगी लिस्बनला असते. घरातलं जुनं चित्र तिला भेट म्हणून पाठवायचं आहे. कुरिअरवाला घेतो म्हणतो.

उत्तर : कुरिअरवाल्याने घेतलं म्हणजे कायद्याने चालतं असं नाही. 1972च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर पाठवणं खाजगी व्यक्तीला बंद आहे. चित्र युरोपात छापलेलं आहे, हा बचाव धरून चालू नका. व्याख्या वयावर आहे. चित्र शंभर वर्षांच्या आतलं किंवा नक्कल असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि पार्सलबरोबर ठेवा. अर्जासोबत दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप आणि कागद व छपाईचं वर्णन द्या. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो, तेव्हा विकत घेताना परवान्याचा क्रमांक असलेली पावती मागून घ्या. मुलीला चांगल्या कागदावर छापलेली प्रत पाठवा, मूळ चित्र सुटीला आल्यावर बघेल.

प्रश्न (पेडणे) : शाळेच्या भिंतीवर जुन्या गोव्याचं एखादं छापचित्र मोठं करून लावायचं आहे. पुस्तकातून स्कॅन केलं तर रेघांच्या जागी जाळी दिसते.

उत्तर : पुस्तकातलं चित्र आधीच ठिपक्यांत छापलेलं असतं. स्कॅनरची जाळी त्या ठिपक्यांवर बसली की नागमोडी पट्टे उठतात. मूळ पानावरूनच स्कॅन केलेली फाइल मिळवा. युरोपातल्या काही मोठ्या संग्रहालयांनी आणि राष्ट्रीय ग्रंथालयांनी अशा फाइल खुल्या ठेवल्या आहेत, आणि इतक्या जुन्या चित्रावर हक्काचा प्रश्न येत नाही. 40 सेंटिमीटर रुंदीचं पान इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन केलं की रुंदी सुमारे 9,450 पिक्सेल येते. भिंतीवर लांबून बघायचं असल्याने इंचाला 150 पुरतात, म्हणजे साधारण 160 सेंटिमीटर रुंद छपाई निघते. फाइल जेपेगऐवजी टिफ मागा, जेपेगमध्ये बारीक रेघांभोवती करडी धूळ उठते आणि मोठी करताना तीही मोठी होते. फ्लेक्सवर छापू नका, चकाकीने रेघा दिसत नाहीत. मॅट कागद घ्या आणि मागे सनबोर्ड लावा. मधल्या घडीचा डाग कॉम्प्युटरवर पुसायचा मोह आवरा, घडीसोबत तिथल्या रेघाही जातात आणि नेमक्या तिथेच इमारती असतात.